तज्ज्ञ कोणत्या कामातले?

महोदय,

मोठी आग लागली की वृत्तपत्रांतून ‘अग्निसुरक्षा तज्ज्ञां’ची मते छापली जातात, पण त्यांनी अग्निशमन दलात प्रत्यक्ष काम केले आहे, इमारतींचे आराखडे तपासले आहेत, की आगीचे कारण शोधण्याचे शिक्षण घेतले आहे, हे वाचकाला क्वचितच कळते. धुराने भरलेल्या जिन्यात वर्षानुवर्षे शिरलेल्या अधिकाऱ्याचे सुटकेविषयीचे मत मोलाचे असते; मात्र धूर बाहेर काढणाऱ्या यंत्रणेचे गणित मांडायला अभियंताच लागतो.

एडिंबरा येथे १८२४ मध्ये अग्निशमन दलाचे प्रमुख झालेले जेम्स ब्रेडवुड यांनी गवंडी, सुतार, छपरे घालणारे अशी माणसे मुद्दाम निवडली, कारण इमारत कशी उभी राहते हे त्यांना हातच्या कामातून ठाऊक होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी शिस्त आणि अवेळी राबण्याची सवय पाहून खलाशांना पसंती दिली. (पूर्वीचा व्यवसाय विचारण्यात गैर काही नाही, हे त्यांना दोनशे वर्षांपूर्वीच उमगले होते!)

तेव्हा तज्ज्ञाच्या नावाखाली त्याचे पद, सेवेची वर्षे आणि प्रशिक्षण छापावे. तो अग्निशमन उपकरणे विकणाऱ्या कंपनीचा सल्लागार असल्यास तेही अवश्य नमूद करावे.

— एक नियमित वाचक