ओक ॲलीचे खांब दिसले, माणसं राहिली

मा. संपादक, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या लुइझियानातल्या ओक ॲलीवरचा, म्हणजे उसाच्या मळ्यावरच्या त्या जुन्या हवेलीवरचा लेख वाचला, फोटो झकास, पण अख्ख्या लेखात 'गुलाम' हा शब्द एकदाच, तोही शेवटी जाता जाता, हे काही पटलं नाही. आम्ही ह्यूस्टनकडची मराठी मंडळी, भारतातून पाहुणे आले की न्यू ऑर्लिन्सच्या ट्रिपमध्ये हे घर ठरलेलंच, त्यामुळे चांगलं बघितलेलं आहे.

लेखिकेने खांबांचं फार कौतुक केलंय आणि खांब आहेतच तसे, चारही बाजूंचे मिळून 28, समोर ओकची झाडंही 28 (झाडं घराच्या कितीतरी आधीची). पण दगडी वाटले तरी आत वीट आहे, वरून गिलावा. ती वीट तिथल्या तिथेच पाडलेली, गुलामांनी, आणि 1837 ते 1839 मध्ये घर उभं केलं तेही त्यांनीच. भिंती 16 इंची, दोन्ही मजल्यांना चहूबाजूंनी रुंद व्हरांडे, म्हणजे ऊन भिंतीपर्यंत येतच नाही, आणि मधला हॉल समोरून मागे आरपार, वारं खेळायला. डोकं लावून बांधलंय, नाही म्हणत नाही. पण जेवणाच्या टेबलावर तो भलामोठा लाकडी पंखा टांगलाय ना, त्याची दोरी गुलामाचं पोर ओढत राहायचं, मंडळींची जेवणं होईपर्यंत.

आणि हा सगळा थाट कशावर, तर उसावर. तिकडे कडाक्याची थंडी पडायच्या आत तोड उरकावी लागायची, त्यामुळे हंगामात गाळप रात्रंदिवस, ओळीने मांडलेल्या काहिली आणि उकळता रस एकीतून दुसरीत ओतत न्यायचा. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलंय त्यांना ती धग सांगायला नको.

अँटवानचं तर नावच नाही लेखात! इथला गुलाम माळी. 1846-47 च्या हिवाळ्यात त्याने पेकानवर (अक्रोडासारखं कवचाचं फळ) कलमं बांधली, पातळ कवचाची जात, तिलाच पुढे 1876 च्या फिलाडेल्फियाच्या शताब्दी प्रदर्शनात बक्षीस मिळालं आणि 'सेंटेनियल' नाव पडलं. मालक जाक रोमान 1848 मध्ये वारला तेव्हा मालमत्तेची यादी केली, त्यात या कलमवाल्याचीही किंमत लावलेली, 1000 डॉलर.

घराच्या मागेच गुलामांच्या खोल्या 2013 मध्ये पुन्हा उभ्या केल्यात, आत त्यांच्या नावांची यादीही आहे. पुढच्या रविवारी निदान त्या खोल्यांचा एक फोटो छापा.

— एक वाचक, ह्यूस्टन