वळूच्या फोटोखाली त्याच्या आईचं दूधही छापा

संपादक महाशय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या शेतीच्या पानावर अधूनमधून प्रदर्शनात पहिल्या आलेल्या वळूचा फोटो येतो. खाली उंची, लांबी, वजन, रोजचा खुराक असं सगळं छापलेलं असतं. त्याच्या आईनं वेताला, म्हणजे एकदा व्याल्यापासून आटेपर्यंत, किती दूध दिलं, त्याच्या किती मुली आज दुधात आहेत, त्याचं रेत, म्हणजे वीर्य, कधी तपासलं का, हे मात्र मी एकदाही वाचलेलं नाही. माझ्यासारखे गायी सांभाळणारे हे पान कापून ठेवतात आणि त्यावरून वळू शोधायला निघतात, म्हणून हे पत्र.

मीही तसाच निघालो होतो. घरच्या कळपासाठी एक वळू बघितला. रुंद छाती, भरदार मान, पाठ सरळ, कातडी तुकतुकीत. आई सोबत होती. आमच्याकडे धार काढण्याचं काम तिचंच, त्यामुळे तिनं पहिलाच प्रश्न केला, "याची माय कुठाय?" मालक म्हणाला, विकली. आई माझ्याकडे बघत राहिली, पण मी सौदा केला.

वळू कळपात सोडला आणि तो कामालाही लागला. माजावर आलेली एकही गाय त्यानं सोडली नाही, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. २१ दिवसांनी तीन गायी उलटल्या, म्हणजे गाभ न राहता पुन्हा माजावर आल्या. असं होतं, म्हणून सोडून दिलं. पुढच्या पाळीला अकरा उलटल्या. मग आम्ही दोष गायींमध्ये शोधायला लागलो. खनिज मिश्रण वाढवलं, चारा बदलला, दोन गायींची गर्भाशयं धुऊन घेतली. वळूकडे बोट दाखवायचं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण तो रोज आमच्या डोळ्यांसमोर उड्या घेत होता. तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, वळू तपासलाय का?

ती तपासणी मी जवळ उभं राहून बघितली. डॉक्टरांनी दोन्ही अंड हातानं हळूच खाली ओढून धरले आणि मला चाचपायला लावलं. एक भरीव आणि लवचिक, दुसरं लहान आणि लाकडासारखं कडक. मग जिथे घेर सर्वांत मोठा तिथे टेप लावली. रेताचा थेंब कोमट काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. चांगल्या रेतात ढग फिरावेत तशा लाटा उठतात, असं ते सांगत होते. मला दिसले ते जागच्या जागी गोल फिरणारे थोडे शुक्रजंतू, बाकी सगळे निपचित. मालकाला पुन्हा खोदून विचारलं तेव्हा कळलं, आमच्याकडे येण्याआधी तो वळू लाळ्या-खुरकुताच्या तापानं बरेच दिवस पडून होता.

शुक्रजंतू तयार व्हायला अंडकोष शरीरापेक्षा दोन ते सहा अंश थंड लागतो. तापानं हा हिशेब बिघडतो. एक शुक्रजंतू तयार होऊन बाहेर पडेपर्यंत दोन महिन्यांहून जास्त काळ जातो, म्हणून आजच्या तापाचा परिणाम कळपात नंतर दिसतो. पुष्कळ वळू यातून सावरतात. आमच्या वळूचं एक अंड आखडून गेलं होतं, दोन महिन्यांनी केलेल्या दुसऱ्या तपासणीतही फरक पडला नाही. तोवर एकोणीस गायी रिकाम्या होत्या. त्या वर्षी आमच्या दावणीला वासरांची जागा मोकळी राहिली, आणि आईनं मला एका शब्दानंही बोल लावला नाही, ते मला जास्त लागलं.

अमेरिकेतल्या सोसायटी फॉर थेरिओजेनॉलॉजी या जनावरांच्या प्रजननशास्त्राच्या संस्थेचे वळूच्या तपासणीसाठी निकष आहेत: दोन वर्षांवरच्या वळूच्या अंडकोषाचा घेर किमान ३४ सेंमी, पुढे सरकणारे शुक्रजंतू किमान ३० टक्के, आणि आकारानं निर्दोष किमान ७० टक्के. वशिंडाची जनावरं उशिरा वयात येतात, त्यामुळे घेराचा आकडा वय आणि जात बघूनच लावायचा. पण टेप लावायलाच हवी. ज्या वळूचा घेर चांगला, त्याच्या कालवडीही लवकर माजावर येतात असं आढळलं आहे. म्हणजे ते माप त्याच्यापुरतं नाही, पुढच्या पिढीचंही आहे. आणि ही तपासणी दरवर्षी, कळपात सोडण्याच्या दोन महिने आधी करून घ्यावी.

आता मी वळू बघायला गेलो की आधी त्याची आई बघतो. ती चौथ्या-पाचव्या वेतात असली तर फारच बरं. पहिल्या वेताला कुठल्याही गायीची कास देखणी दिसते. पाचव्या वेतातही कासेचा तळ मागच्या पायाच्या मधल्या सांध्याच्या वर असेल, पुढची कास पोटाला चिकटून असेल, चारही सड सारखे आणि मुठीत मावणारे असतील, तर मी पुढचं विचारतो. पहिलं वेत कोणत्या वयात? दोन वेतांत अंतर किती? वार कधी अडकली का? दूध मात्र पूर्ण वेताचं विचारावं. एका दिवसाच्या धारेचा आकडा भुलवतो. आणि त्याच गोठ्यात, त्याच चाऱ्यावर इतर गायी किती देतात तेही विचारावं, कारण गायी-गायींच्या दुधातल्या फरकात रक्ताचा वाटा साधारण पाव ते तिसरा हिस्साच असतो, बाकी खाणंपिणं आणि सांभाळ.

पाय चालवून बघावेत, उभं करून नव्हे. उडी घेताना सगळा भार मागच्या पायांवर येतो. खांबासारखे ताठ पाय असतील तर सांधे सुजतात, कोयत्यासारखे फार वाकलेले असतील तर टाच झिजते. मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशात पडतो की आधीच, एवढं बघितलं तरी पुष्कळ कळतं. स्वभावाचं थोडक्यात सांगतो: लहानपणापासून लाडानं हातावर वाढवलेला एकटा गोऱ्हा मोठा झाल्यावर माणसाला बरोबरीचा समजतो, त्याच्यापासून जास्त सावध राहावं.

रोगांकडे तर कुणीच बघत नाही. सांसर्गिक गर्भपातासाठी रक्त तपासता येतं, पण ट्रायकोमोनास आणि कॅम्पिलोबॅक्टर हे वळूकडून गायीला लागणारे रोगजंतू वळूच्या लिंगावरणाच्या घड्यांत लपून राहतात. वळू ठणठणीत दिसतो आणि गायीमागून गायी गाभडत जातात. त्यासाठी लिंगावरणाचा धुवा तपासावा लागतो, तोही एकदा करून भागत नाही.

एवढा खटाटोप एका जनावरासाठी कशाला, असं लोक विचारतात. वासरात बापाचा वाटा निम्मा, आईच्या बापाचा पाव, आजीच्या बापाचा आठवा हिस्सा. बेरीज केली तर ८७.५ टक्के वासरू लागोपाठच्या तीन वळूंनी घडवलेलं असतं. होल्स्टीन या परदेशी दुधाळ गायींच्या जातीत १९६२ साली जन्मलेल्या पॉनी फार्म अर्लिंडा चीफ या वळूच्या १६,००० हून अधिक मुली झाल्या. दूध उत्तम वाढलं, आणि त्याच्या रक्तातला एक छुपा घातक दोषही जगभर पसरला. त्यातून सुमारे पाच लाख गर्भपात झाले असावेत, असा संशोधकांचा अंदाज आहे.

म्हणून खरी परीक्षा मुलींचीच. वळू दोन वर्षांचा असताना सोडला, तर त्याची मुलगी वाढून, विऊन, पहिलं वेत पुरं करेपर्यंत तो साडेसहा वर्षांचा होतो. तोवर आपण त्याला वजन वाढलं म्हणून काढून टाकलेलं असतं. जीव कळवळतो हे बघून. काढू नका. स्वतःच्या मुलींवर मात्र त्याला सोडायचं नाही. बाप-लेकीच्या वासरात अंतःप्रजननाचं, म्हणजे जवळच्या रक्ताच्या मिलनाचं, प्रमाण थेट २५ टक्क्यांवर जातं. शेजारच्या कळपाशी अदलाबदल करा, रोगांची तपासणी करून.

संपादक महाशय, फोटो जरूर छापा. त्याखाली उंची-वजनासोबत आईचं पूर्ण वेताचं दूध, दुधात असलेल्या मुलींची संख्या, अंडकोषाचा घेर आणि शेवटच्या रेत तपासणीची तारीख एवढ्या चार गोष्टी विचारून छापा. मालकाकडे त्या नसतील तर तिथे 'नोंद नाही' असं छापा.

आपला नम्र,
एक गोपालक वाचक