उंची मोजायचा पाट परत नेला, त्याबद्दल मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्रिमहोदय,
मंत्रालय, मुंबई.

सप्रेम नमस्कार. पत्रास कारण की, गेल्या मंगळवारी आमच्या अंगणवाडीतला मुलांची उंची मोजायचा लाकडी पाट आणि काटा टेम्पोत घालून नेला.

मी गोवंडीत 19 वर्षं सेविका आहे. भाड्याची दहा बाय बाराची खोली, वर पत्रा. दोन वर्षांपूर्वी एका संशोधन संस्थेची माणसं आली. इथली मुलं खुजी का राहतात ते शोधायचंय म्हणाली. खाणं कमी पडतं, की पाण्यानं सारखं पोट बिघडतं, की आणखी काही? तीच मुलं पाच वर्षं मोजायची होती. सरकारी पैसा आहे, बंद पडणार नाही, असा शब्द एका साहेबांनी नारळ फोडताना दिला. फोटोही काढले.

तान्ह्याला पाटावर आडवं करायचं, आईनं डोकं धरायचं, मी गुडघे दाबून टाचा पट्टीला टेकवायच्या. पोर किंचाळतं. पाय हलला की पुन्हा पहिल्यापासून. अशी 84 मुलं, दर महिन्याला, अंगणवाडी सुटल्यावर. दिडकी मिळाली नाही, मी मागितलीही नाही. माझे गुडघे मात्र गेले. डॉक्टर म्हणतात, खाली बसू नका. मुलं काय टेबलावर येऊन मोजून घेणारेत?

आणि आता एका ओळीचा निरोप : 'निधीअभावी प्रकल्प स्थगित.'

टेम्पो निघाला तेव्हा एक आई दारातच उभी होती. तिच्या मुलीची उंची पाच महिने जागची हलली नाही. ती म्हणाली, "बाई, तुम्ही कारण सांगणार होता ना?" काय सांगू तिला? नारळाचा फोटो दाखवू?

आमचा सरकारी पाट केव्हाच मोडलाय. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवर उंची कशी भरते ते विचारू नका. तिथं मूल लाल, पिवळं की हिरवं ते दिसतं, लाल का झालं याचा रकाना नाही.

आपल्याच 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची 35 टक्के मुलं खुजी आहेत. लहान मुलांतला रक्तक्षय आधीच्या पाहणीत 54 टक्के होता, तो 69 वर गेला. एवढं चढलेलं दुसरं काही असतं तर आपण होर्डिंग लावलं असतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी 39 गावांत बायकांना शिकवून घरातच तान्ह्यांची काळजी घेतली. तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले. 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं, पुढं देशभर आशाताई तेच करू लागल्या. तिथंही आधी कुणीतरी वर्षानुवर्षं मोजलंच होतं ना? की निम्म्यात टेम्पो बोलावला?

पैसा नाही हे मला सांगू नका. मुंबई महापालिकेचं 2025-26 चं बजेट म्हणे 74 हजार कोटींचं. देशाच्या उत्पन्नातले सहा टक्के शिक्षणावर खर्च करा, असं कोठारी आयोगानं 1966 मध्ये लिहिलं, तेव्हा माझा जन्मही नव्हता. नव्या शिक्षण धोरणातही तेच सहा टक्के. सगळ्या संशोधनाला मिळून देश पाऊण टक्काही देत नाही. आम्ही मानधन वाढवून मागायला संपावर गेलो की मात्र तिजोरी आठवते. आणि मानधन कशाला म्हणता हो? मान कुठाय त्यात?

असो. पाट परत पाठवा. उरलेली तीन वर्षं पुरी करा. दोन वर्षांचे आकडे कुठल्या कपाटात गेले ते कळवा, आणि त्यातून जे निघेल ते या आयांना मराठीत, हिंदीत समजावून सांगा.

तोवर उभी राहणारी मुलं मी दाराच्या चौकटीशी उभी करून खडूनं खुणा करतेय. घरमालक रंग खराब झाला म्हणून ओरडतो, त्याचं मी बघते.

आपली,
एक अंगणवाडी सेविका, गोवंडी