बेअरिंगसाठी ४२.१९५ किलोमीटर

दिव्यांग मुलांच्या व्हीलचेअर आणि इतर साधनांसाठी पैसे जमवायला पूर्ण मॅरेथॉन धावलेल्या ताई,

सप्रेम नमस्कार.

धावल्याबद्दल टाळ्या वाजवणारे तुम्हाला वाटेत पुष्कळ भेटले असतील. हे पत्र मात्र तुम्ही लिहिलेल्या एका ओळीबद्दल आहे. जमलेली रक्कम कशासाठी वापरायची, या रकान्यात तुम्ही लिहिलंत: ‘आधी दुरुस्ती आणि माप, उरलं तर नवी साधनं.’ एरवी हा क्रम उलटा असतो. नवी कोरी व्हीलचेअर फोटोत छान दिसते, चाक सहज फिरवणारं त्याच्या आतलं बेअरिंग दिसत नाही.

पण खुर्ची अडते ती बेअरिंगपाशीच. पुढच्या छोट्या चाकांच्या आसाला केस आणि दोरे गुंडाळत जातात, चाक जड होतं, खुर्ची एका बाजूला ओढायला लागते आणि सगळ्यांना वाटतं, मूलच लवकर दमतं. मागच्या टायरमधली हवा कमी झाली की ढकलायला जोर लागतो, शिवाय ब्रेकही धरत नाही, कारण साध्या खुर्चीचा ब्रेक टायरवरच दाबून बसतो. घरचे ब्रेकचे नट आवळत बसतात. खरं तर हवा भरायची असते. एक पंप, नट आवळायचे दोन पाने, केस कापायला ब्लेड, बेअरिंगची जोडी, एखादी ट्यूब. कोपऱ्यात पडून राहिलेल्या कितीतरी खुर्च्या एवढ्यावर चालू होतात.

मापाचं काम जास्त नाजूक. ‘वाढत्या अंगाची घेऊ’ हा कपड्यांचा हिशेब इथे साफ फसतो. बैठक कुल्ह्यांपेक्षा जेमतेम दोनेक सेंटीमीटर रुंद हवी. जास्त रुंद झाली तर मूल एका कुशीवर कलतं, आणि चाक गाठायला कोपरं बाहेर काढावी लागल्याने खांदे भरून येतात. लांबीला जास्त झाली तर बैठकीची कड गुडघ्यामागे रुतते. ती टाळायला मूल पुढे घसरतं, कंबर मागे वळते, पाठीला पोक येतो, आणि अशा बसण्यात घास गिळणंही अवघड जातं. म्हणून गुडघ्याच्या खोबणीमागे दोन-तीन बोटं जागा सोडायची आणि पावलं फूटरेस्टवर पूर्ण टेकतात का, ते पाहायचं. मूल वाढलं की हे सगळं पुन्हा. एकदाच दिलेली देणगी इथे तोकडी पडते ती यामुळेच.

पायाच्या स्प्लिंटचं, म्हणजे पाऊल आणि घोटा नीट स्थितीत धरणाऱ्या प्लास्टिकच्या साच्याचं, तर तुम्हाला सांगायलाच नको. बूट अर्ध्या मापाने चुकला तर तिसाव्या किलोमीटरला काय होतं, ते तुम्ही जाणता. इथे फरक एवढाच, की सेरेब्रल पाल्सी असलेल्या, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी असलेल्या, मुलाला कुठे टोचतंय ते सांगता येईलच असं नाही. ते रडतं, किंवा स्प्लिंट दिसला की पाय आखडून घेतं, आणि त्याच्यावर हट्टीपणाचा शिक्का बसतो. म्हणून नवा स्प्लिंट पहिल्या दिवशी तासभरच घालायचा, काढून त्वचा बघायची. लाली अर्ध्या तासात गेली तर ठीक. टिकली तर त्या जागी प्लास्टिक गरम करून किंचित बाहेर फुगवायचं. हे काम दहा मिनिटांचं, पण ते करायला माणूस जागेवर लागतो. त्या माणसाच्या पगारासाठी पैसे मागितले की बहुतेक देणगीदारांचा चेहरा पडतो. तुमचा पडला नाही.

आणखी एका गोष्टीसाठी धन्यवाद. एखाद्या मुलाला खुर्चीत बसवून सोबत धावायची कल्पना कुणीतरी सुचवली, तेव्हा तुम्ही आधी विचारलंत आणि उत्तर ऐकून ती सोडून दिलीत. अमेरिकेतले डिक हॉइट सेरेब्रल पाल्सी असलेल्या आपल्या मुलाला, रिकला, घेऊन बॉस्टन मॅरेथॉन अनेकदा धावले, पण ते धावण्यासाठी बनवलेल्या तीनचाकी खुर्चीने. रोजच्या खुर्चीची पुढची चाकं वेगात थरथरतात, रस्त्याच्या भेगेत अडकली तर मूल तोंडावर आपटतं. त्यातून कित्येक तास एकाच स्थितीत बसणं, वर ऊन.

पैसे जमवण्याची तुमची पद्धतही इतरांनी उचलावी अशी. ‘दर किलोमीटरमागे इतके देईन’ अशी वचनं शर्यत संपल्यावर वसूल करणं जिकिरीचं असतं. तुम्ही रक्कम आधीच जमा करून घेतलीत. नावनोंदणी, बूट, प्रवास स्वतःच्या खिशातून, हे पहिल्याच आवाहनात सांगून टाकलंत, त्यामुळे विचारायला कुणाला जागाच उरली नाही. पहिल्या आठवड्यात घरचे आणि मित्र देतात, मग सगळं थंडावतं. त्या मधल्या काळात तुम्ही कळवळ्याचे फोटो न टाकता दर लांब धावेनंतर एका सुट्या भागाची माहिती दिलीत. अ‍ॅक्सल म्हणजे चाकाचा आस, हे त्यामुळे बऱ्याच लोकांना कळलं.

खर्चाचा तपशील सोबत जोडला आहे. त्यात सर्वांत मोठा आकडा ‘किरकोळ दुरुस्ती’ या नावाखाली दिसेल. हिशेबाच्या वहीत ते नाव जुनं आहे, बदलायचं राहून गेलंय.

आपले,
मापं घेणारे, स्प्लिंट बनवणारे आणि चाकं दुरुस्त करणारे