कोर्टनाक्याच्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

डिप्लोमा पास झाले. मेडिकल लॉ अँड एथिक्स, दूरशिक्षणाने, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी. काल रात्रपाळीत मोबाइलवर निकाल पाहिला. फोन केला असता तर तुम्ही "बरं, बरं" म्हणून ठेवून दिला असता, म्हणून हे पत्र. आणि ते चारचौघांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही कधी कुणाला सांगणार नाही.

काकू हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आमच्या वॉर्डात होत्या तेव्हाची गोष्ट. रात्री दोनला तुम्ही थर्मासमध्ये गरम पाणी घ्यायला आलात आणि मी वहीत 'रेस इप्सा लोक्विटर', म्हणजे 'गोष्ट स्वतःच बोलते', तिसऱ्यांदा लिहीत होते. तुम्ही चष्मा वर करून वाचलंत. "सिस्टर, लॅटिन राहू द्या. आधी त्या बाईचं काय झालं ते वाचा."

ती बाई म्हणजे औरंगाबादच्या सरकारी दवाखान्यात 1963 साली बाळंतपणाला आलेली. नसबंदी झाली, टॉवेल पोटात राहिला, बाई गेली. नवरा अच्युतराव खोडवा कोर्टात गेला आणि सुप्रीम कोर्टाचा निकाल लागला 1996 साली. तेहतीस वर्षं! "टॉवेल काही स्वतः चालत पोटात जात नाही," तुम्ही म्हणालात, "तेवढंच ते लॅटिन." नोट्सची चार पानं जे सांगू शकली नाहीत ते थर्मास भरेपर्यंत समजलं.

मग दर गुरुवारी ठाण्याची तलावपाळी. ड्युटी सुटली की मी कळव्याला जायच्या आधी रंगायतनच्या बाजूच्या बाकावर. तुमच्यासारख्या, कोर्टातून शिरस्तेदार (मुख्य कारकून) म्हणून रिटायर झालेल्या माणसाला वाटतं, वकिलांना कायदा कळतो पण कागद कळत नाही. माझं मत वेगळं होतं, आता तितकंसं नाही. निकालपत्र शेवटापासून वाचायची माझी खोड तुम्हीच मोडलीत. आधी तारखा मांडायच्या, मग कोण कुठे उभं होतं ते, मग सही कुणाची. जोशी विरुद्ध गोडबोले हा खटला तुम्ही असंच वाचून घेतलंत: पालशेतच्या किनाऱ्यावर मांडी मोडलेला मुलगा, 1953 सालचा मे महिना, टॅक्सीतून पुण्यापर्यंतचा प्रवास. डॉक्टरची कर्तव्यं कोणती ते नंतर आलं, आणि नंतर आलं म्हणूनच लक्षात राहिलं.

पण सगळ्यात जास्त वेळ आपण समीरा कोहली खटल्यावर घालवला. दिल्लीची 44 वर्षांची बाई, दुर्बिणीने तपासणी करायला म्हणून भूल दिली. ती बेशुद्ध असताना बाहेर बसलेल्या आईची सही घेतली आणि गर्भपिशवी, अंडाशयं सगळं काढलं. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तपासणीची संमती म्हणजे ऑपरेशनची संमती नव्हे, आणि सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत असेल तर आईची सही चालणार नाही. भरपाई 25 हजार. तुम्ही आकडा वाचून हसलात. मला हसू आलं नाही, आणि का, ते त्या दिवशी सांगितलं नव्हतं.

बारा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका हॉस्पिटलात, पिशवीच्या ऑपरेशनची एक पेशंट होती. खाटेवर बसून वेणी घालत होती, चांगली शुद्धीत. मी फॉर्म घेऊन पॅसेजमध्ये तिच्या नवऱ्याकडे गेले, कारण घाई होती आणि तो पटकन सही करत होता. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग करताना तिने विचारलं, "सिस्टर, अंडाशयं पण काढली का हो?" मी म्हटलं, डॉक्टरांना विचारा. ती वेणी अजून दिसते मला.

आता मी काय करते ते ऐका. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंटला विचारते, "उद्या काय करणार आहेत, तुमच्या शब्दांत सांगा." गेल्या महिन्यात मासळी विकणाऱ्या एका मावशी म्हणाल्या, "दुर्बीण घालून बघणार." फॉर्मवर पित्ताशय काढण्याचं होतं. समजावणं हे डॉक्टरांचं काम, माझं नाही, म्हणून डॉक्टरांना परत बोलावलं. ते वैतागले. पण स्टूल ओढून बसले आणि केसपेपरच्या मागे चित्र काढून दाखवलं. मावशींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पाटी कधी उचलायची?" हा प्रश्न फॉर्ममध्ये कुठेच नसतो. उत्तर मिळाल्यावर त्यांनी अंगठा दिला. मुलगा शेजारी सही करायला पेन काढून तयारच होता.

अरुणा शानबागबद्दल मात्र आपलं जमलं नाही. केईएमची ती नर्स, 1973 च्या हल्ल्यानंतर वर्षानुवर्षं तिथेच अचेत पडून होती; तिला अन्न देणं थांबवून जाऊ द्यावं का, असा खटला होता, आणि सिस्टर्स म्हणत होत्या, आम्ही सांभाळू. 2011 च्या निकालात केईएमच्या सिस्टर्सचं म्हणणं कोर्टाने मानलं, ते मला आजही बरोबर वाटतं. इतकी वर्षं तिची पाठ एकदाही फुटू न देणं म्हणजे काय, ते ज्याने बेडसोअर साफ केलंय त्यालाच कळतं. तुम्ही म्हणालात, "पण तिला कुणी विचारलं?" मी चिडून त्या दिवशी चणे न खाताच गेले. त्याबद्दल माफी. प्रश्नाचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

आणि आता तुमच्याच कागदाचं. सुप्रीम कोर्टाच्या 2018 च्या निकालानंतर आपण आपलं लिव्हिंग विल, म्हणजे बरं होण्याची आशा नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत ते आधीच लिहून ठेवलेला कागद, करून ठेवू शकतो, आणि 2023 पासून मॅजिस्ट्रेटची अट जाऊन नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी चालतो, हे मला शिकवून वर्ष झालं. तुमचा मसुदा त्या खाकी पिशवीतच आहे, घडी पडून. नोटरी कोर्टनाक्यावर, तुमच्या घरापासून पाच मिनिटांवर. काकू परवा फोनवर म्हणाल्या, "ते म्हणतात, तूच ठरव तेव्हा."

येत्या गुरुवारी ती खाकी पिशवी घेऊन या. दोन साक्षीदार मी बघून ठेवलेत. चणे माझ्याकडून.

तुमची,
सिस्टर, कळवा