थंडीत कुंड्यांना पाणी बेतानेच द्या

महोदय,
धुळे-जळगावचा पारा १० अंशांखाली उतरला की गच्चीवरची जास्वंद, क्रोटन, अडेनियम पिवळी पडतात आणि लोक घाबरून पाणी वाढवतात. झाडे जातात ती बहुधा याच पाण्याने. गार मातीत मुळे पाणी फारसे उचलत नाहीत. ओल साचून कुजतात. आपल्याकडे केळीबागेला थंडीत रात्री पाणी देतात, पण तो नियम कुंडीला लावू नये. बोटाची २ पेरे माती कोरडी लागली तरच, सकाळी ऊन आल्यावर पाणी घाला. अडेनियमची पाने गळाली तर पाणी जवळपास बंदच करा. खोड दाबून पाहा: घट्ट असेल तर झाड जिवंत आहे, मऊ लागले तर कूज शिरली.

कुंडीत गारवा चारही बाजूंनी मुळांपर्यंत पोहोचतो. म्हणून कुंड्या दक्षिणेकडे ऊन खाणाऱ्या भिंतीलगत, विटांवर, एकमेकींना खेटून ठेवा. बाहेरून गोणपाट गुंडाळा. मातीवर केळीच्या वाळक्या पानांचा २ इंच थर पुरे, फक्त खोडाला टेकू देऊ नका. रात्री जुनी साडी पांघरा, सकाळी काढा. प्लॅस्टिक नको, ते टेकले तिथे पान करपते. खत-छाटणी फेब्रुवारीपर्यंत थांबवा, कारण कोवळी फूट गारठ्यात आधी जळते.

— एक बागप्रेमी वाचक, धुळे