बारक्याचा ओठ

फोंडा, आषाढ

प्रिय बाबल,

उत्तर नाही म्हणून तू मला शिव्या घातल्या असशीलच. त्या पोचल्या असं समज. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच, माझं बीपी गोळीवर शांत, पाऊस मरणाचा. आता मुद्द्यावर येतो, कारण हे इथे कुणाला सांगावं तर "ओठ सुजला? तूप लाव" याच्यापुढे गाडी जात नाही.

आमच्या बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवणाऱ्या बारक्याची लिप गेली, म्हणजे ओठच सूर धरेना.

सांज्यांवच्या (सेंट जॉनच्या सणाच्या) दिवशी सकाळी वरचा एफ स्वच्छ वाजत होता. संध्याकाळी मधला बी फ्लॅटसुद्धा फुटायला लागला, अर्धा सूर आणि अर्धी नुसती हवा. वरच्या ओठावर माउथपीसची लाल गोल खूण, ती दुसऱ्या दिवशीही तशीच. तुला वेगळं काय सांगायचं! त्या वर्षी जत्रेनंतर तुझं जे झालं, तेच. फरक इतकाच की तू तेव्हा चोवीस वर्षांचा गाढव होतास आणि हा सोळा वर्षांचा आहे.

डॉक्टरला दाखवलं. ओठ फाटलेला नाही. शीळ घालता येते, पाणी पिताना कोपऱ्यातून गळत नाही, बधिरपणा नाही. ट्रम्पेटवाल्या लुई आर्मस्ट्राँगने ओठाचं जे करून घेतलं होतं ते तुला माहीतच आहे. ओठाभोवतीचा गोल स्नायू फाटण्याला डॉक्टर लोक त्याच्याच टोपणनावाने सॅचमो सिंड्रोम म्हणतात. बारक्याचं तिथवर गेलेलं नाही, पण रस्ता तोच. म्हणून लिहितोय.

कारण शोधायला लांब जायला नको. बँड रस्त्यावर उभा राहिला की पहिलाच मार्च, पहिलाच सूर वरचा आणि तोही जोरात. उघड्यावर भिंती नाहीत, आपला आवाज परत येत नाही, म्हणून पोरं आणखी फुंकतात. हवा कमी पडली की डावा हात माउथपीस ओठावर दाबतो. दाबलं की वरचा सूर निघतो खरा, पण ओठातलं रक्त अडतं, सूज येते, आणि सुजलेल्या ओठातून तोच सूर काढायला आणखी दाबावं लागतं. त्यात आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा दिसली. बारक्याची स्लाइड, म्हणजे सूर बदलायला आत-बाहेर सरकवायची नळी, अडत होती. पावसाळ्यात आतल्या नळ्यांवर चिकट थर बसलेला. स्लाइड अडली की हात झटका देतो, आणि तो झटका थेट वरच्या ओठाला. बाहेरची स्लाइड वाद्य उभं धरल्यावर स्वतःच्या वजनाने सरसर खाली यायला हवी (खाली हात धरून, नाहीतर ती पायावर). त्याची अर्ध्यावर थांबत होती. कोमट पाण्याने धुतली, आतून ब्रश फिरवला, खालच्या टोकाच्या किंचित जाड भागावर क्रीमचा अगदी पातळ हात आणि वरून पाण्याचा फवारा. क्रीमवर तेल ओतायचं नाही, दोन्ही मिळून चिखल होतो. मागच्या मास्तरांनी नेमकं तेच शिकवलेलं, पण त्यांच्याबद्दल तुझ्याशी आता भांडत नाही.

सूज होती तोवर वाद्य पेटीत बंद ठेवायला लावलं. आता दिवसातून तीन वेळा दहा-दहा मिनिटं, खालच्या एफच्या वर जायचं नाही, मोठ्याने नाही. जितका वेळ वाजवलं तितका वेळ थांबायचं. पुढच्या आठवड्यात बी फ्लॅटपर्यंत, मग डी, आणि वरचा एफ सगळ्यात शेवटी. सूर पातळ झाला किंवा फुर्रर्र झालं की दोन सूर खाली येऊन तिथेच बसायचं. हे त्याला पटत नाही. त्याला एका महिन्यात चतुर्थी दिसते.

यानिमित्ताने तिन्ही ट्रॉम्बोनवाल्या पोरांना वॉर्म-अप ठरवून दिलाय, पंधरा-अठरा मिनिटांचा. तू हसशील, तुझा पाऊण तासाचा असायचा आणि तो संपेपर्यंत तुझा ओठ निम्मा खर्च झालेला असायचा. वॉर्म-अपने फक्त हवा, कान आणि ओठ एका जागी आणायचे.

पहिली दोन मिनिटं हातात वाद्यच नाही. मेट्रोनोम 60, म्हणजे मिनिटाला साठ ठोके. चार मात्रा श्वास आत, चार बाहेर. मग चार आत, आठ बाहेर. शेवटी एकाच मात्रेत पूर्ण आत आणि आठ बाहेर. खांदे वर उचलले गेले तर ते चक्र बाद. बरगड्या बाजूंना उघडायला हव्यात. चक्कर आली तर थांबायचं, त्यात मर्दुमकी नाही.

मग नुसता माउथपीस, एक मिनिट, खालून वर आणि वरून खाली घसरत. हो, एकच मिनिट. तुझी पंधरा मिनिटं मला तेव्हाही पटली नव्हती. वाद्य जोडलेलं असलं की नळीतली हवा ओठांना सूर धरायला मदत करते. नुसत्या माउथपीसवर ती मदत नसते, म्हणून पोरं सूर आवळून धरतात आणि तोच आवळपणा वाद्यावर घेऊन येतात. यावर तू चार पानं लिहिशील. लिही, मी वाचीन आणि मान्य करणार नाही.

नंतर लाँग टोन, म्हणजे लांब धरलेले सूर, ट्रॉम्बोनचे गुरू एमरी रेमिंग्टन यांच्या चालीने. अमेरिकेत रॉचेस्टरच्या ईस्टमन संगीतशाळेत तो 1922 पासून 1971 पर्यंत हेच शिकवत होता आणि अजून यापेक्षा सोपं कुणाला सुचलेलं मला दिसत नाही. बास क्लेफच्या चौथ्या रेषेवरचा एफ, पहिली पोझिशन (स्लाइड पूर्ण आत; सातवी सगळ्यात बाहेर). एफ–ई–एफ, श्वास. एफ–ई फ्लॅट–एफ, श्वास. असं एकेक पोझिशन लांब जात सातव्या पोझिशनमधल्या बीपर्यंत. पहिले दोन सूर दोन-दोन मात्रा, शेवटचा चार. मग हाच प्रकार बी फ्लॅटपासून खाली ईपर्यंत. मध्यम आवाज, गाण्यासारखा. शेजारच्या काकू पहिल्या दिवशी विचारायला आल्या की तुमच्याकडे म्हैस अडलीय का. आता सवय झालीय त्यांना.

इथे बारक्याची जुनी खोड बाहेर येते. तो स्लाइड लवकर हलवतो, मग दोन सुरांमध्ये घसरा ऐकू येतो, आणि घसरा लपवायला तो हवा तोडतो. आम्ही उलटं केलं. आधी जीभ लावायचीच नाही, बी फ्लॅटपासून ईपर्यंत मुद्दाम सगळा घसरा काढायचा, हवा अखंड. ते जमलं की त्याच हवेवर प्रत्येक सुराला फक्त हलका "द". जीभ हवा थांबवत नाही, नुसती स्पर्श करते. स्लाइड शेवटच्या क्षणी, मनगटातून, चपळ, पण थांबताना आपटायची नाही. आणि अंतरं डोळ्याने नव्हे. पहिली ते दुसरी साधारण 8 सेंटिमीटर, पुढचं प्रत्येक अंतर थोडं वाढत जातं. पोरं सगळी सारखी धरतात, म्हणून पाचवी-सहावी नेहमी आखूड पडते आणि सूर चढा लागतो.

मग लिप स्लर, म्हणजे जीभ न लावता नुसत्या ओठाने आणि हवेने सूर बदलणं. खालचा बी फ्लॅट, एफ, वरचा बी फ्लॅट, एफ, परत खाली, स्लाइड जागच्या जागी. हेच सातही पोझिशनमध्ये. वर जाताना जिभेचा मागचा भाग "आ"वरून "ई"कडे उचलायचा, हवेचा वेग वाढवायचा, जबडा आणि माउथपीस हलता कामा नये. ओठाचे कोपरे घट्ट, मध्य मोकळा. डावा हात दाबतोय का हे इथेच कळतं. वर जाताना वाद्य एक-दोन मिलिमीटरसुद्धा चेहऱ्याकडे सरकलं की पकडलं चोराला. वरचे सूर वॉर्म-अपमध्ये नाहीतच. शेवटी दोन-तीन अगदी खालचे, हळू, ओठ सैल करायला. वाजवून झाल्यावरही तेच, पेटी बंद करण्याआधी.

आता तानपुरा. तू तेव्हा "ट्रॉम्बोनला तानपुरा? मग तबलाही घे" म्हणाला होतास, आठवतं? मी तिघांच्या मोबाइलवर तानपुऱ्याचं ॲप काळी पाचला लावून दिलंय, म्हणजे आपला बी फ्लॅट. त्यावर सा, प, ग. पहिल्या पोझिशनमधला वरचा डी हा पाचवा हार्मोनिक, म्हणजे स्लाइड न हलवता निघणाऱ्या सुरांतला पाचवा. कीबोर्डच्या डीपेक्षा तो साधारण 14 सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) उतरलेला असतो, आणि तानपुऱ्याच्या सावर नेमका तोच शुद्ध गंधार म्हणून बसतो. म्हणून पोरं घरी तानपुऱ्यावर खूश आणि बँडमध्ये कीबोर्डवाला डोळे वटारतो. पहिल्या पोझिशनच्या अलीकडे तर स्लाइड नेता येत नाही! म्हणून कीबोर्ड सोबत असला की डी चौथ्या पोझिशनमध्ये घ्यायचा, तिथे तो किंचित चढा मिळतो आणि स्लाइड बाहेर ओढून बसवता येतो. वरचा जी दुसऱ्यात घेताना उलट, दुसरी चांगलीच आखूड करायची, कारण सातवा हार्मोनिक बराच उतरतो. तू डी कायम पहिल्यातच घेणार म्हणून हट्टाला पेटायचास. घे बापडा.

चौथ्यातल्या डीचा दुसरा फायदा दुलपोदांमध्ये, म्हणजे आपल्या जलद गोव्याच्या गाण्यांमध्ये. डी–सी–बी फ्लॅट असा उतार 1–3–1 ने घेतला की हात बाहेर जाऊन परत येतो. 4–3–1 ने घेतला की हात एकाच दिशेने येतो आणि जलद लयीत गडबड होत नाही. कुठला सूर कुठे हे प्रत्येकाने आपल्या कागदावर पेन्सिलीने लिहून ठेवायचं. दोघांनी लिहिलंय. तिसरा म्हणतो, डोक्यात आहे.

सरावाचा वेगळा तंटा आहे. गुरुवारच्या तालमीत सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं आणि घरीही तेच करायचं, ही आपल्याकडची रीत. अवघड जागेवरून दरवेळी पाय घसरतो आणि दरवेळी पुढे पळायचं. त्यामुळे चूकच पाठ होते. मी वीस मिनिटांचा एक तुकडा दिलाय, त्यात दोनच माप (बार). आधी तोंडाने सरगम किंवा दो-रे-मी म्हणायचं, आपल्या जुन्या सोल्फासारखं. मग स्लाइड हलवत नुसती हवा फुंकायची. मग वाजवायचं, चूक होणार नाही इतक्या सावकाश, मग ते 60 असो की 44. लागोपाठ तीनदा स्वच्छ आलं की मेट्रोनोम चारने वर. चुकलं की आठने खाली, कुरकुर नाही. जिथे अडतं तिथले दोनच सूर सुटे काढायचे, कारण बहुतेक वेळा अख्खं माप चुकलेलं नसतं, एका सुरावरून दुसऱ्यावरची उडी चुकलेली असते. तुकडा संपला की मोबाइलवर एकदा रेकॉर्ड करून ऐकायचं. बारक्याने पहिल्यांदा ऐकलं आणि विचारलं, हा कोण वाजवतोय? त्याला स्वतःचा घसरा तोवर ऐकूच आलेला नव्हता.

लेगातोसाठी, म्हणजे सूर न तोडता जोडून वाजवायला, मांडो, आपलं संथ कोकणी गाणं. 6/4, लय संथ, वाक्यं लांब, श्वास कुठे घ्यायचा हे शब्दच सांगतात. नाट्यपदंही घेतो. स्लाइडवर मींड फुकट मिळते आणि पोरांना वाटतं आपण फार कलाकारी केली. ट्रॉम्बोनवर ती मुद्दाम केलेली असावी, चुकून झालेली नसावी, एवढंच.

माझी काळजी मात्र यातली कशाचीच नाही. बारका हे सगळं निमूटपणे करतो. पण चतुर्थी झाली की फेस्तं, मग लग्नं, आणि बँड बोलावणाऱ्याला आवाज मोठा हवा असतो. मी मास्तरांना म्हटलं, तीन ट्रॉम्बोन आहेत, मार्चमध्ये आळीपाळीने एकाने थांबावं, वरची ओळ दोघांत वाटून द्यावी. ते म्हणाले, पैसे तिघांचे घेतो. त्यांचंही चूक नाही. म्हणून तू बारक्याला फोन कर. मी सांगितलं की तो ऐकून घेतो. पण ज्याची लिप एक अख्खा सीझन गेली होती त्याने सांगितलं तर तो घाबरेल, आणि त्याला थोडं घाबरवायला हवं आहे. दाबून वाजवलं तर नक्की काय होतं, किती महिने गेले, परत येताना पहिला सूर कुठला वाजवलास, ते सांग. मला तू कधी नीट सांगितलंच नाहीस. मी विचारलंही नाही, कारण तेव्हा आपलं बोलणं बंद होतं. कशावरून ते तुला आठवत असेल तर कळव.

तुझं प्रमोशन झालं असं वहिनी म्हणाल्या. अभिनंदन, पार्टी बाकी. मुलीचं कॉलेज मिळालं का? तिकडच्या उन्हात वाद्य गाडीत ठेवत नाहीस ना? डिसेंबरात येतोस की नुसतं म्हणतोस?

येणार असशील तर बारक्यासाठी एक माउथपीस आण. त्याच्याकडचं 12सी मापाचं त्याच्या जाड ओठांना अरुंद पडतं. 6½एएल बघ, पण छोट्या शँकचं (वाद्यात घुसणारी दांडी). त्याचं वाद्य लहान बोअरचं, म्हणजे अरुंद नळीचं आहे, मोठी शँक त्यात बसणार नाही. पैसे इथे देतो, फेणीतही चालत असतील तर तसं सांग.

तुझा,
मधू

ता. क. फोन रात्री आठनंतर कर. त्याआधी तो लाँग टोन वाजवत असतो, आणि तू फोन केलास तर तेवढंच निमित्त त्याला पुरेल.